१:१६ मध्ये डब्ल्यूडीएम-२ ची बॉडी: पत्रा, शीट की प्रिंट?

अनगोळकर
नमस्कार मंडळी. डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं मोठं मॉडेल करायला घेतलंय, प्रमाण १:१६. मूळ इंजिन बफरसकट १७.१२ मीटर लांब, २.८६४ मीटर रुंद आणि ४.१८५ मीटर उंच. म्हणजे मॉडेल १०७ सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद आणि रुळापासून २६ सेंटिमीटर उंच होईल. चाकं ६८ मिलिमीटरची. सध्या फक्त बॉडी करायची आहे. मोटर बसवायची की नुसतं मांडून ठेवायचं, ते नंतर बघू.

हे इंजिन १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलं. १९६४ पासून वाराणसीला बनायला लागलं आणि अडीच हजारांवर बनलं. मीटर गेज जाऊन ब्रॉडगेज झाल्यावर आपल्या मिरज-लोंढा मार्गावरही अल्कोचंच राज्य होतं. आता विजेची वायर आली, पुणे-हुबळी वंदे भारत धावते. आज शाळेत जाणाऱ्या पोरांनी अल्कोचा तो खडखडाट ऐकलेला नाही, म्हणून हे मॉडेल मला मोठंच हवंय. काचेच्या कपाटात मावणारं नको.

माझं मत सांगतो: मुख्य बॉडी हातानं शीट कापूनच करावी. खरं शीट कुठली? ॲक्रिलिक, पीव्हीसी फोम, एमडीएफ की ॲल्युमिनियम? आणि लाँग हूडवरचे, म्हणजे कॅबपलीकडच्या लांब भागावरचे दरवाजे, झडपा (हवेसाठीच्या तिरप्या पट्ट्या), जाळ्या कशा करायच्या? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

तिसरे_गेट
भारी विषय काढलात! आमचं अर्धं बालपण टिळकवाडीच्या बंद गेटवर इंजिनाचे नंबर लिहून घेण्यात गेलंय. फोटो टाकत राहा.

चिकोडी_प्रिंट्स
हातानंच करावी, हे मला पटलं नाही. आज प्रत्येक मोठ्या गावात थ्रीडी प्रिंटर आहे. ड्रॉइंग एकदा काढलं की दोन्ही बाजूंचे दरवाजे हुबेहूब सारखे येतात. हातानं कापताना चौथ्या-पाचव्या दरवाज्याला माप हलतंच. झडपेच्या पट्ट्या, रेडिएटरचा पंखा, हॉर्न, हेडलाइटची चौकट हे तर प्रिंटच करा.

अनगोळकर
@चिकोडी_प्रिंट्स, बारीक भागांना माझी ना नाही. खरं १०७ सेंटिमीटरची बॉडी कशी काढणार? साध्या प्रिंटरचा बेड २२ सेंटिमीटरचा असतो.

चिकोडी_प्रिंट्स
पाच तुकडे करायचे, आत खुंट्या ठेवायच्या, जोडून पुटी मारायची. ३२० चा पॉलिश पेपर, मग ६००. जोड दिसत नाही.

पॅटर्नवाला
मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे नमुने करतात तिथं काम करतो. लाकूड, ॲल्युमिनियम, रेझिन रोज हाताखालून जातं, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

जोड पहिल्या दिवशी दिसत नाही हे खरं, एप्रिलमध्ये दिसतो. पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. बंद गाडीत किंवा उन्हातल्या पत्र्याखाली तेवढं तापमान सहज होतं. आमच्या गल्लीतल्या पोरांनी शिवजयंतीच्या चित्ररथासाठी तोफा प्रिंट करून आणल्या होत्या. मिरवणूक रात्री निघायची आणि गाडी दुपारभर उन्हात उभी. संध्याकाळी तोफांची तोंडं खाली झुकलेली. प्रिंटच करायचं तर एएसए किंवा एबीएस या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये करा, तेही लहान भाग. मोठा सपाट भाग एबीएसमध्ये कोपऱ्यातून उचलतो.

आता शीटचं. अनगोळकर, तुम्ही बहुतेक ॲक्रिलिकच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवायच्या विचारात असाल. एक मीटर लांबीला, तापमानात वीस अंशांचा फरक पडला, तर ॲक्रिलिक सुमारे दीड मिलिमीटर वाढतं आणि ॲल्युमिनियम अर्धा मिलिमीटर. मधला एक मिलिमीटर कुठे जाणार? एक तर गोंद सुटतो, नाही तर पत्र्याला लाटा येतात. पूर्ण लांबीचा एकच पत्रा लावू नका. दरवाज्यागणिक वेगळा तुकडा कापा आणि मध्ये केसाएवढी फट ठेवा. खऱ्या इंजिनालाही दरवाजे सुटेच असतात, त्यामुळे ती फट शोभते.

सांगाड्यासाठी माझी पसंती ३ मिलिमीटर एचआयपीएस या प्लास्टिकच्या शीटला. व्हॅक्यूम फॉर्मिंगचे ट्रे करणाऱ्यांकडे मिळते. पी-कटरनं (प्लास्टिक कापायच्या आकडीच्या सुरीनं) ओरखडा मारून मोडली की सरळ रेषेत तुटते. आत दर दहा-बारा सेंटिमीटरवर आडवा पडदा द्या, नाही तर लांब भिंत पोटात येते.

खानापूरची_लेक
एमडीएफचं नावच काढू नका. आमच्याकडच्या पावसात एमडीएफ कडेनं फुगतं. कितीही सीलर मारा, स्क्रूच्या भोकातून ओल शिरतेच. लोंढा-कॅसलरॉककडे तर विचारायलाच नको.

लोंढा_जंक्शन
मंडळी, मी जरा वेगळाच सूर लावतो. आपल्या भागातल्या माणसानं मोठं डिझेल मॉडेल करायचं तर ते मीटर गेजच्या वायडीएम-४ चं का नको? ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात आलं. त्याआधी आमच्या लोंढ्यात मीटर गेज होतं. वाफेची इंजिनं गेल्यावर हेच १४०० अश्वशक्तीचं इंजिन आलं. सहा सिलिंडरचं, वजन ७२ टन.

यात सोय बघा. जगभर बागेतल्या रेल्वेसाठी ४५ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. मीटर गेजला २२.५ नं भागा, ४४.४ येतात. म्हणजे १:२२.५ मध्ये वायडीएम-४ केलं तर चाकं, रूळ, ॲक्सल सगळं बाजारातलं चालतं आणि गेजही बरोबर बसतो. ब्रॉडगेजला हे भाग्य नाही. १:१६ मध्ये आपला १६७६ मिलिमीटरचा गेज १०४.७५ होतो. परदेशात याच प्रमाणाला साडेतीन इंची, म्हणजे ८९ मिलिमीटरचा रूळ वापरतात, कारण त्यांचा गेज १४३५ चा. त्यांची चाकं आणून लावलीत तर इंजिन दोन्ही बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर आत पाय घेऊन उभं राहील. लांबून बघणाऱ्यालाही ते खटकतं.

अनगोळकर
@लोंढा_जंक्शन काका, गेजचा हिशोब चोख आहे आणि चाकं विकत घ्यायची नाहीत हे आत्ताच ठरलं. माइल्ड स्टीलच्या गोल बारमधून लेथवर काढून घेईन, उद्यमबागेत लेथला काय तोटा? खरं इंजिन डब्ल्यूडीएम-२ च करणार. मी जे बघत मोठा झालो ते हेच.

घटप्रभा_पॅसेंजर
काका, वायडीएम-४ चा वेगळा धागा काढा की. माझ्याकडे जुने फोटो आहेत, टाकतो.

लोंढा_जंक्शन
काढतो. तोवर इथंच बसतो, चहा येऊ दे.

निपाणी_मुद्रण
झडपांच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही अजून. आमचा छापखाना आहे. ऑफसेटच्या वापरलेल्या प्लेटा ॲल्युमिनियमच्या असतात, ०.३ मिलिमीटर आणि त्याहून पातळही, एकसारख्या जाडीच्या आणि आरशासारख्या सपाट. भंगारात किलोवर जातात. कुठल्याही छापखान्यात मागा, दोन-चार प्लेटा कुणीही देईल.

झडपेचा डाय असा करायचा. माइल्ड स्टीलच्या पट्टीचं टोक झडपेच्या लांबीएवढं घ्या. एक कड धारदार ठेवा, दुसरीकडे उतार द्या. खाली शिसं किंवा कडक रबर. प्लेट उलटी ठेवायची आणि हाताच्या प्रेसनं किंवा चक्क व्हाइसमध्ये दाबायची. धारेकडून पत्रा कापला जातो, उताराकडून फुगतो, आणि सुलट केली की खरी झडप. झडपा ओळीत येण्यासाठी डायला बाजूची मार्गदर्शक पट्टी लावा. प्रत्येक वेळी आधीची झडप त्या पट्टीच्या खाचेत बसवली की पुढची आपोआप त्याच अंतरावर पडते.

पत्रा कडक असल्यानं कडेला चिरतो, म्हणून आधी मऊ करून घ्या. वरून कपडे धुण्याचा साबण घासायचा आणि खालून गॅसची ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की थांबायचं. त्यापुढे गेलात तर ॲल्युमिनियम न सांगता वितळतं, रंगही बदलत नाही. शाईचा थर थिनरनं पुसा, नाही तर पुढे प्रायमर धरत नाही.

चिकोडी_प्रिंट्स
हे मस्त आहे! प्रिंटच्या झडपेला एवढी पातळ कड कधीच येत नाही, कबूल.

हुबळी_शेड_निवृत्त
मी शेडमध्ये फिटर होतो. हा धागा नातवानं दाखवला. तुम्ही सगळे कातडीचं बोलताय, आतलं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

डब्ल्यूडीएम-२ चा प्रत्येक दरवाजा कशासाठी तरी आहे. शॉर्ट हूडकडून, म्हणजे कॅबपुढच्या आखूड नाकाकडून चाला. आधी नाकाचा कप्पा. मग ड्रायव्हरची कॅब. तिच्या पाठीला विजेच्या कंट्रोलचं कपाट. मग जनरेटर. मग इंजिन. त्यापुढे एक्सप्रेसर, म्हणजे हवा दाबणारा आणि व्हॅक्यूम करणारा एकत्र पंप. शेवटी रेडिएटर, त्याच्या डोक्यावर मोठा पंखा आणि दोन्ही कुशींना झडपा.

इंजिन सोळा सिलिंडरचं, व्ही आकाराचं, म्हणजे एका बाजूला आठ. फिटरला प्रत्येक हेडपर्यंत हात घालावा लागतो. म्हणून मधल्या भागात उंच दरवाज्यांची एकसारखी रांग असते. कंट्रोलपाशी आणि एक्सप्रेसरपाशी दरवाज्यांची रुंदी बदलते, तिथली ओळ मोडते. मॉडेल करणारे इथंच फसतात. सगळी भिंत समान भागांत वाटून मोकळे होतात, आणि मग कितीही रिवेट लावा, शेडमधला माणूस एका नजरेत सांगतो की हे अल्को नव्हे. आधी कप्पे आखा, मग दरवाजे पाडा.

दुसरं, कुठलं तरी एकच इंजिन धरा, नंबरासकट. याच वर्गात काहींचा शॉर्ट हूड पूर्ण रुंदीचा आणि समोरच्या काचा मोठ्या, त्यांना जम्बो म्हणायचो. काहींना डायनॅमिक ब्रेक (चाकांच्या मोटरींनीच वेग कमी करणारा) आहे, काहींना नाही, त्याप्रमाणे नाकावरच्या जाळ्या बदलतात. पुढे हेडलाइट बदलले, ब्रेकचे पाइप बदलले. एका फोटोतलं नाक आणि दुसऱ्यातली शेपूट घेतली तर असं इंजिन देशात कुठेच नव्हतं, असं होतं.

अनगोळकर
दादा, दंडवत. मी खरंच दहा समान भाग आखून बसलो होतो. आज रात्री कागद नवा घेतो.

तिसरे_गेट
एवढ्या बारकाईची गरज आहे का, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. मॉडेल हॉलमध्ये ठेवणार, लोक तीन फुटांवरून बघणार. आकार आणि रंग जमला की झालं. नाही तर हे काम पुरंच होत नाही, असे किती प्रकल्प माळ्यावर पडलेत.

हुबळी_शेड_निवृत्त
तीन फुटांवरून रिवेट दिसत नाही, मान्य. दरवाज्यांची ओळ मात्र तीसवरून दिसते. माझं म्हणणं तेवढंच. रिवेट नाही मारलेत तरी मी रागावणार नाही.

पॅटर्नवाला
दोघांचंही बरोबर. क्रम असा ठेवा: आधी कॅबच्या खिडक्या, हूडची उंची आणि छताच्या कडेची गोलाई. माणूस चेहरा इथूनच ओळखतो. कडेच्या गोलाईसाठी वायरिंगचा पीव्हीसी पाइप उभा चिरून चौथाई भाग वापरा. फोटोवरून त्रिज्या काढा आणि जुळणाऱ्या व्यासाचा पाइप घ्या. पूर्ण लांबीला एकसारखी गोलाई येते, घासत बसावं लागत नाही.

फोटोवरून माप काढताना चाक धरू नका. नवं चाक १०९२ मिलिमीटरचं असतं, खरं तासून तासून ते बरंच लहान होतं, आणि फोटोतलं किती झिजलंय ते कळत नाही. पूर्ण लांबी धरा, आणि फोटो समोरच्या फलाटावरून, लांबून झूम करून काढलेला असू द्या. जवळून काढलेल्या फोटोत टोकं बारीक होतात. रुळात उतरून कुणी मापं घेऊ नका, एवढं मात्र ऐका.

कॅसलरॉक_धुकं
थोडं अवांतर. कॅसलरॉक-कुळे घाटात चढ १:३७ चा आहे. कुळ्याहून वर येणाऱ्या गाडीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन लावतात. पावसात रूळ बुळबुळीत होतात तेव्हा चाकापुढे वाळू सोडावी लागते. म्हणून सांगतो, बोगीवरच्या (चाकं बसवलेल्या खालच्या गाड्यावरच्या) वाळूच्या नळ्या विसरू नका. चाक आणि रूळ भेटतात तिथं रोखलेली वाकडी नळी. पुष्कळ सुंदर मॉडेलांत ती नसते.

खानापूरची_लेक
दूधसागरजवळ गाडी थांबली की आम्ही पोरं डब्यात कुंदा उघडून बसायचो. धबधबा बघायचं राहायचं.

कॅसलरॉक_धुकं
ताई, कुंदा बेळगावचाच असेल तर माफ आहे!

मच्छे_फॅब्रिकेशन
कठड्यांबद्दल. पितळेच्या तारेसाठी पुण्या-मुंबईला ऑर्डर टाकू नका. CO₂ वेल्डिंगची वायर घ्या, १.२ मिलिमीटरची. खरी पकडदांडी २० मिलिमीटरच्या आसपास धरली तर १:१६ ला १.२५ येते, म्हणजे जवळजवळ तंतोतंत. तांब्याचा मुलामा असतो म्हणून सोल्डर झकास धरतं. रिळावरची वायर वाकडी असते. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं ड्रिलच्या चकमध्ये धरा, ताण देऊन हळू फिरवा, सुतासारखी सरळ होते. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुटली तर चाबूक बसतो. आमच्या शॉपमध्ये उरलेली पडून असते, येऊन घेऊन जा.

घटप्रभा_पॅसेंजर
आणि बोगी? या इंजिनाच्या तीन ॲक्सलच्या ट्रायमाउंट बोगीचा मधला ॲक्सल बरोबर मधोमध नसतो. तिन्ही चाकं समान अंतरावर लावली की सगळी मेहनत पाण्यात.

पॅटर्नवाला
बोगीची बाजू म्हणजे माझ्या पोटापाण्याचा विषय. डाव्या आणि उजव्या बाजूचा एकेक पॅटर्न सागवानात करा आणि ॲल्युमिनियममध्ये वाळूचं कास्टिंग काढा, चारही बाजू त्या दोनांवरून निघतील. ॲल्युमिनियम थंड होताना सुमारे १.३ टक्के आकसतं. ३०० मिलिमीटरला जवळजवळ ४ मिलिमीटर. म्हणून पॅटर्न कॉन्ट्रॅक्शन स्केलनं, म्हणजे आकसणं धरून वाढवलेल्या पट्टीनं आखायचा, साध्या पट्टीनं नव्हे. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून कडांना हलका उतार द्या. स्प्रिंगा, बोल्टची डोकी, ब्रेकचे हँगर कास्टिंगमध्ये नकोत. आपल्या वाळूत ते स्वच्छ उठत नाहीत. मागाहून बसवा.

चालवायचं ठरलं तर हे वजन खाली राहील, रूळ सोडणार नाही.

शहापूर_पेंटर_गल्ली
रंगाचं मी सांगतो. ॲल्युमिनियमला आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला हात. रेड ऑक्साइड सरळ मारलात तर नखानं सोलून येतो. वर गाड्यांचा पीयू रंग, पातळ, दोन हात. जाड मारला की दरवाज्यांच्या फटी बुजतात. रंगसंगती शेडप्रमाणे ठरते. पुणे, गुत्ती, काझीपेठ, इटारसी प्रत्येकाची वेगळी. वर दादांनी सांगितलं तसं नंबर ठरवा, त्या नंबराचा त्या काळातला फोटो घ्या.

अक्षरांना स्टिकर लावू नका, कड दिसते. प्लॉटरवर व्हिनाइलमध्ये उलटी कापून घ्या आणि मास्क म्हणून वापरा. आमच्याकडे एक जुने पेंटर आहेत. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही पाट्या ब्रशनं सारख्याच लिहितात. नंबरचा आकडा त्यांच्याकडून हातानं लिहून घ्यायचा असेल तर मी शब्द टाकतो. शेडमध्येही एके काळी पेंटरच लिहायचे.

खानापूरची_लेक
आणि शेवटी धूळ! लोंढा-खानापूर पट्ट्यातून गेलेल्या इंजिनाच्या पोटाला तांबडी धूळ हवी. आमच्या अंगणातली माती वस्त्रगाळ करून देते. मॅट वार्निश ओलं असताना मऊ ब्रशनं बोगीवर आणि टाकीच्या खालच्या अंगाला. वर छताकडे नको, तिथं चिमणीची काजळी. गोकाककडची काळी माती लावू नका हं, रूट चुकेल.

चिकोडी_प्रिंट्स
ताई, आमच्या मातीनं काय घोडं मारलंय?

घटप्रभा_पॅसेंजर
मालगाडीला लावू काळी माती. हा निकाल झाला.

अनगोळकर
मंडळी, सगळं वहीत उतरवलंय. मूळ प्रश्नावर माझं जे ठरलं ते लिहितो.

सांगाडा ३ मिलिमीटर एचआयपीएस. त्यावर ऑफसेट प्लेटचे दरवाजे, प्रत्येक सुटा. छताची कड पीव्हीसी पाइपची. पंखा, हॉर्न, वायपरचे बूड, हेडलाइटची चौकट प्रिंट, चिकोडीकडून, एएसएमध्ये. झडपा डायवर. दांड्या CO₂ वायरच्या. बोगी कास्टिंग. जम्बो करणार नाही, साधा शॉर्ट हूड, डायनॅमिक ब्रेकवाला. पुणे शेडच्या एका इंजिनाचे दोन्ही बाजूंचे चांगले फोटो एका स्नेह्यांकडे सापडलेत, तेच धरतो.

तिसरे_गेट, रिवेट बॉडी उभी राहिल्यावर बघू. दरवाज्यांची ओळ मात्र दादांनी सांगितली तशीच.

एक अडलंय. रेडिएटरच्या कुशीतल्या झडपा उघड्या दाखवू की बंद?

हुबळी_शेड_निवृत्त
त्या पाण्याच्या तापमानाप्रमाणे उघडतात. इंजिन गार उभं असेल तर बंद, गाडी ओढून आलं असेल तर उघड्या. तुम्ही धूळ आणि काजळी लावणार आहात, म्हणजे कामावरचं इंजिन. उघड्या दाखवा, आणि आत काळा रंग देऊन मागे बारीक जाळी लावा, म्हणजे पोकळ दिसणार नाही.

निपाणी_मुद्रण
प्लेटा बांधून ठेवल्यात. रविवारी बेळगावला येतोय, दहाच्या सुमारास उद्यमबागेत पॅटर्नवाल्यांकडे टाकतो. डायसाठी स्टीलची पट्टी तुम्ही आणा.

मच्छे_फॅब्रिकेशन
मग मीही वायर तिथंच घेऊन येतो. ड्रिल मशीन आहे ना तिथं?

पॅटर्नवाला
ड्रिल आहे, व्हाइस आहे, हँड प्रेस पण आहे. या सगळे.